खोली मोजू नको, चूल मोज

गावंडे साहेबांना मी सात वर्षांत एकदाही खुर्चीवर नीट टेकलेलं पाहिलं नाही. चंदीगडच्या आमच्या ऑफिसात त्यांची हक्काची खुर्ची होती, पण तिच्यावर बाकीचे लोक फायली, हेल्मेटं आणि हिवाळ्यात स्वेटर ठेवायचे. साहेब आपले उभे. चहा उभ्यानं, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं, आणि फोन आला की व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. बघणाऱ्यालाच घेरी यायची. मी नवी होते तेव्हा एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, बसा ना जरा." ते म्हणाले, "बसलं की मंग उठा लागते ना वं," आणि हातातला कप तसाच अर्धा ठेवून जिना उतरून गेले.

आमचं ऑफिस सर्वेक्षणाचं. लोकांच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, घरात कोण कोण राहतं, कुठून आलात, घरी कुठली भाषा बोलता, कोण शिकतं, कोण कमावतं. पन्नास प्रश्नांनंतर "धन्यवाद जी" म्हणून पुढच्या दाराची घंटी वाजवायची. माणसं कुत्री सोडतात, पाणी विचारत नाहीत, किंवा मग इतकं विचारतात की चार घरांत चार ग्लास लस्सी पिऊन पाचव्या घरी झोप येते. या कामात बसून राहणाऱ्याचं भागत नाही हे खरं. पण गावंडे साहेब सुपरवायझर होते, त्यांनी फिरायची गरज नव्हती. तरी पायाला भिंगरी. आम्ही भरून आणलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. त्यांचा ऑफिसातल्या भिंतींवर विश्वास नव्हता.

उंच, वाळकं शरीर, कानावर पेन्सिल, अंगात बारा महिने एकच बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात तो खांद्यावर असायचा इतकंच. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलंच नाही. "कोणता जिल्हा?" म्हणाले. मी सांगली म्हटलं आणि त्या दिवसापासून मी सांगली झाले. आमचा शिपाई सुलतानपूर, टायपिंगवाल्या मॅडम कांगडा, आणि मोठे साहेब, अर्थात पाठीमागे, होशियारपूर. "नाव काय, कोणीही ठेवते," ते म्हणायचे, "जिल्हा माणूस संगं घेऊन फिरते." त्यांना मात्र कोणी अकोला म्हणायची हिंमत केली नाही. पंजाबी लोक त्यांना गावंडेजी म्हणत, आणि आम्ही साहेब.

अकोल्याला त्यांचं घर होतं. पुष्पावहिनी तिथे शाळेत शिक्षिका, मुलगा निखिल लहानाचा मोठा तिथेच झाला. वहिनींची नोकरी सुटण्यासारखी नव्हती आणि साहेबांची बदली होण्यासारखी. अठरा वर्षं दर वर्षी ते नागपूरच्या बदलीचा अर्ज टाकत. दर वर्षी ऑफिसातलं घोडं कुठेतरी पेंड खायचं आणि अर्ज परत यायचा. एकच इच्छा होती त्या माणसाची, आपल्या घरात आपलं माणूस म्हणून राहायचं. ती इच्छा त्यांनी आम्हाला उघड कधी सांगितली नाही, पण अर्ज टाइप करणाऱ्या कांगडा मॅडमना तो तोंडपाठ होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच तो पाठ होता.

मी पहिल्या महिन्यातच त्यांच्या तडाख्यात सापडले. इंडस्ट्रियल एरियामागच्या वस्तीत एका खोलीत सात माणसं राहत होती. मी लिहून आणलं, एक खोली, एक कुटुंब, सात पुरुष. साहेबांनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"चुली किती?"

"पाहिलं नाही, साहेब."

"मंग काय पाहून आली? चाल."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पुन्हा त्या खोलीत गेले. माणसं नुकतीच कामावरून आली होती. कोपऱ्यात दोन स्टोव्ह, खिडकीत एक हीटर, आणि दाराबाहेर विटांवर ठेवलेली एक जुनी शेगडी. एका फळीवर पिठाचे चार डबे, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. साहेबांनी त्यातल्या एकाला विचारलं, "भाई, आटा किसका किसका अलग है?"

तो हसून म्हणाला, "साहब, रहते साथ हैं, खाते अलग."

सिवानचे तिघे एकत्र जेवत. हरदोईचे दोघे वेगळे. गोंड्याचे दोघं सख्खे भाऊ, पण त्यांचे डबे दोन. साहेबांनी विचारलं, असं का? मोठा भाऊ तोंड फिरवून बसला. धाकटा म्हणाला, परवा डाळीत मीठ जास्त पडलं, त्यावरून बोलाबोली झाली, तेव्हापासून वेगळं. आता मी एकटी असते तर चार चुली लिहून मोकळी झाले असते. साहेब दारात उभे राहिले. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. म्हणाले, "कागज पर पक्का लिखना पड़ता है. बताओ, आज शाम को किसके साथ खाओगे?" दोघं भाऊ एकमेकांकडे बघेनात. स्टोव्हवर सिवानवाल्यांचा भात उकळून उतू गेला तरी साहेब हलले नाहीत. शेवटी मोठा पुटपुटला, "लिख लीजिए साथ में."

तीन चुली लिहिल्या. बाहेर आल्यावर साहेबांनी स्कूटरला किक मारता मारता मला सांगितलं, "खोली मोजू नको, सांगली. चूल मोज. छप्पर कोणाचंही असते. पोळी कोणाची कोणाच्या चुलीवर भाजली जाते, थे पाह्य." हा आमच्या खात्याचा नियमच आहे, पुस्तकात छापलेला. ज्यांचं अन्न एका चुलीवर शिजतं ते एक कुटुंब, मग रक्ताचं नातं असो नसो. पण पुस्तकात तो वाचताना मला झोप आली होती.

चंदीगडचे सेक्टर सरळ, आखीव, नंबर लावलेले. त्याच्या कडेनं मोहाली वाढली, तिच्या कडेनं आणखी सोसायट्या, आणि सगळी खरी गंमत त्या कडेला. साहेब मला एखाद्या सोसायटीखाली उभं करायचे आणि मान वर करून मजले वाचायचे. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर एकसारखे सहा टॉवेल, म्हणजे कोचिंगच्या मुली, हिमाचलच्या. शेजारी गॅलरीत वाळत घातलेल्या लाल मिरच्या आणि शलगमच्या चकत्या, म्हणजे काश्मिरी. त्यावर रिटायर्ड फौजी, कुंड्या ओळीत. सहाव्यावर आयटीवाला जोडा, दाराशी रोज तीन कंपन्यांची खोकी. आणि अधूनमधून बंद घरं, कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पावसानं गंजू नये म्हणून. "हे कॅनडा," साहेब म्हणायचे. "कुलूप असं जपून बांधते म्हणजे माणूस लवकर येत नाही, अन् कधीच येत नाही असंही त्याले म्हणा वाटत नाही."

कुलूपबंद घरी तीनदा जायचं असा नियम. लोक एकदा जाऊन तीनदा लिहितात, हे सगळ्या खात्यांत चालतं. साहेब चौथ्यांदा जायचे. दुधाच्या पिशव्या बघायचे, कुलपावरची धूळ बोटानं तपासायचे, शेजाऱ्याला छळायचे. एकदा रखवालदारानं त्यांना चोर समजून अर्धा तास अडकवून ठेवलं. तिथेही ते त्याचा जिल्हा विचारून आले.

बीजींच्या घरी आम्ही दोघंच गेलो होतो. मोहालीतली जुनी कोठी, पुढे हिरवळीचा तुकडा, वर गच्चीवर एक रिकामी खोली. बीजी म्हणजे पंजाबीत आई; ही सत्तरीच्या पुढची, रुंद हाडाची बाई, गुडघ्यांनी अधू पण आवाज खणखणीत. साहेबांनी नेहमीप्रमाणे जन्मस्थानापासून सुरुवात केली.

"रस्ते में," बीजी म्हणाल्या.

"बीजी, जिला कौन सा?"

"पुत्त, बटवारे का काफिला चल रहा सी. माँ कहती थी नहर दे किनारे. कौन सी नहर, उसको भी नहीं पता."

साहेबांचा पेन त्या रकान्यावरच अडला. त्यांच्या जगात जिल्हा नसलेला माणूस बसत नव्हता. म्हणून आमच्या ऑफिसभर त्या एकट्याच नुसत्या बीजी राहिल्या, कुठल्याही गावाच्या नावाशिवाय.

पुढचा प्रश्न होता घरात किती जण. बीजी म्हणाल्या, "दो जी. मैं ते मेरा लाडी." लाडी म्हणजे त्यांचा मुलगा. तो कुठे आहे? कॅनडात. किती वर्षं? नऊ. शेवटचा कधी आला होता? बीजींनी ओढणी सावरली. आता नियम असा की जो सहा महिन्यांहून जास्त घराबाहेर, तो त्या घरचा नाही. त्याचं नाव तिथून कमी होतं आणि तो जिथे असेल तिथे मोजला जातो. साहेबांनी हे फार हळू आवाजात सांगितलं. तरी बीजींचा चेहरा लाल झाला.

"तू काटेगा मेरे मुंडे नूं? मेरे ही घर बैठ के?"

साहेब बसलेले नव्हतेच, पण ते बोलण्याची वेळ नव्हती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या अगदी खालच्या ओळीत ठळक अक्षरात लाडीचं नाव लिहिलं आणि कागद बीजींपुढे धरला. बीजींनी चष्मा लावला, त्या नावावर बोट ठेवलं, मग आत जाऊन आमच्यासाठी पंजीरीचे लाडू घेऊन आल्या. ऑफिसात आल्यावर साहेबांनी खोडरबर घेऊन ते नाव काळजीपूर्वक खोडलं, वरचा भुसा फुंकला. मी बघत होते म्हणून म्हणाले, "कागदावर खरं तेच पाहिजे. पण बाईच्या डोळ्यासमोर खोडा लागते असं कुठी लिहिलं हाय?"

नंतर मला कळलं की ते नेहमीच असं करायचे. बाहेरदेशी गेलेले मुलगे, फौजेत गेलेले नवरे, सासरी गेलेल्या पोरी, सगळे त्यांच्या कागदांवर खालच्या ओळीत पेन्सिलनं येऊन संध्याकाळी ऑफिसात पुसले जात. मग टॅब आले. टॅबमध्ये बोट लावलं की लागलं, आणि तो सहा महिन्यांचा प्रश्न आधीच विचारतो. साहेब टॅबवर मनापासून चिडायचे. पेन्सिल मात्र कानावरून गेली नाही.

त्या भेटीनंतर महिन्याभरात साहेबांनी सेक्टर बावीसमधली भाड्याची खोली सोडली आणि बीजींच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले. आम्हाला सांगताना म्हणाले, "वरती स्वतंत्र आहे. किचन अलग, गॅस अलग, जिना अलग." अलग हा शब्द त्यांनी जरा जास्तच वेळा वापरला. त्याच सुमाराला त्यांच्या डब्यात पराठे यायला लागले, पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेले. मी विचारलं, कुठून आणता? "मिळते," म्हणाले आणि डबा घेऊन खिडकीच्या दुसऱ्या टोकाला सरकले. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना अजिबात जमत नसे.

आम्हा बदलीवाल्या मराठी माणसांचं चंदीगडमध्ये एक विचित्र असतं. गणपतीला सगळे जमतो. साहेब प्रत्येकाला प्रसाद देता देता विचारायचे, किती वर्षं झाली? कोणी सांगायचं सहा, कोणी अकरा, आणि लगेच पुढे, "पण यंदा बदली पक्की." माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. त्यांनी तिला विचारलं, "तू कोठची बाप्पा?" ती म्हणाली, "चंडीगढ़ की, अंकल." मी तिला डोळे वटारले. साहेब मला म्हणाले, "काहून रागावते? खरं सांगितलं तिनं. खोटं आपण सांगून राहिलो." मला ते झोंबलं. माझाही अर्ज त्याच कपाटात होता.

सुट्टीत ते अकोल्याला जात. पंधरा दिवसांची रजा घेऊन जायचे आणि दहाव्या दिवशी ऑफिसात हजर व्हायचे. "काम होतं," म्हणायचे. काम नसायचं हे होशियारपूर साहेबांनाही ठाऊक होतं.

मग तो सर्वे आला. नमुन्यात मोहालीचा नेमका तोच भाग निघाला आणि आपल्याच घराची मोजणी आपण करू नये म्हणून तो माझ्याकडे आला. खालच्या मजल्यावर बीजी भेटल्या. वरच्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी कुलूप. तिसऱ्या दिवशी रविवार, तरी कुलूप. हा माणूस जगाच्या कुलपांवरची धूळ तपासत हिंडत होता आणि त्याच्या स्वतःच्या दाराला दर वेळी कुलूपच होतं. बीजी म्हणाल्या, चावी माझ्याकडे आहे, देख ले. मी कुलूप काढलं, पण तसं आत जाणं आमच्या नियमात बसत नाही. मी दारातूनच पाहिलं. लोखंडी पलंग, ओळीत घड्या केलेले कपडे, आणि ओट्यावर दोन बर्नरची शेगडी. तिच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"बीजी," मी वरूनच विचारलं, "गावंडेजी खाते कहाँ हैं?"

"लै, होर कित्थे?" जिन्याच्या पायथ्याशी उभ्या बीजींनी आपल्या स्वयंपाकघराकडे हात केला. "आटा मैं गूँधती, सब्ज़ी वो काटता. मिर्च इतनी डालता है, मेरी आँखें निकल जातीं."

म्हणजे चूल एक. कुटुंब एक. प्रमुख, बीजी. त्यांच्याखाली दुसरं नाव, गावंडे. नात्याच्या रकान्यात, नातं नाही. मी बोट लावणार तेवढ्यात साहेबांची स्कूटर फाटकाशी आली. त्यांनी वर पाहिलं, उघडं दार पाहिलं, माझ्या हातातला टॅब पाहिला. जिना एका दमात चढून आले.

"काय लिहून राहिली?"

"नियमाप्रमाणे, साहेब. चूल मोजते आहे."

त्यांनी दार लावलं, कुलूप घातलं आणि म्हणाले, "कुलूपबंद लिही."

मला वाटलं मस्करी करतात. "साहेब, तुम्ही समोर उभे आहात."

"समजत नाही काय तुले? इकडे लिहिलं म्हणजे मी तिकडून कटलो." त्यांचा आवाज फाटला. खाली बीजींनी रेडिओ बारीक केला. "तिकडे मोजणीवाला आला होता, तेव्हा पुष्पानं माझं नाव सांगितलं. मीच फोनवरून खोडाले लावलं. म्हटलं, नियमात नाही बसत, खोटं नको लिहू. नवऱ्याचं नाव तिच्या हातानं खोडलं मी. आता तू इकडे लिहिते. म्हणजे मंग पक्कंच झालं ना सगळं."

 त्यांचं ते म्हणणं ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. सगळ्या जगाच्या नावांसाठी पेन्सिल होती या माणसाकडे, आपल्या नावासाठी नव्हती. "पेन्सिलनं लिहिलं असतं साहेब," मी म्हटलं, "पण टॅबमध्ये पेन्सिल नसते." ते जिना उतरून गेले आणि स्कूटर घेऊन कुठेतरी निघून गेले. मी कुलूपबंद लिहिलं. माझ्या नोकरीत जाणूनबुजून केलेली ती एकच खोटी नोंद. कागदावर आता ते अकोल्यात नव्हते, मोहालीतही नव्हते. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी तीनदा आले, तीनदा काहीतरी वेगळंच बोलून परत गेले.

नागपूरची बदली शेवटपर्यंत झाली नाही, निवृत्तीच झाली. निरोपसमारंभात त्यांना फुलांचा हार घालून मधल्या खुर्चीवर बसवायचा बेत होता. ते हार घालून उभेच राहिले, त्यामुळे होशियारपूर साहेबांनाही भाषण संपेपर्यंत उभं राहावं लागलं. स्टेशनवर बीजी आल्या होत्या, गुडघ्याला पट्टे बांधून. त्यांनी पराठ्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "डिब्बा वापस चाहिए." साहेब म्हणाले, "जी." गाडी हलली तरी ते दारातच उभे होते. मी मनात म्हटलं, चला, अखेर एक माणूस आपल्या घरी निघाला.

दोन-तीन महिन्यांनी मी खुशाली विचारायला फोन केला तो पुष्पावहिनींनी उचलला. साहेब बाजारात गेले होते, सकाळपासून तिसऱ्यांदा.

"बसत नाहीत हो ते," वहिनी म्हणाल्या. "अन् आमचंही चुकते. इतकी वर्षं पंधरा दिवसांसाठी यायचे, तर सवय तीच पडली. मी ट्रेमध्ये पाणी नेऊन देते त्यांले. निखिल आला की त्यांच्यासाठी पलंग सोडून खाली झोपतो. परवा त्यांनी कांदा चिराले घेतला तर मी हातातून सुरी काढून घेतली, तुम्ही काहून करता म्हणून. मंग ते अंगणात जाऊन उभे राहिले. मले नंतर लय वाईट वाटलं, बाई. पण हात आपसूक जाते ना." त्या शिक्षिका, एरवी बोलणं नीटनेटकं, पण आज सगळं वऱ्हाडीतच आलं.  हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

यंदा घरयादीचं काम निघालं आणि मोहालीची ती गल्ली पुन्हा माझ्याच वाट्याला आली. दुपारी साडेबाराला मी बीजींच्या फाटकाशी गेले. हिरवळीवर, दुकानातलं प्लास्टिक काढलेली ती वरचीच शेगडी धुऊन उलटी वाळत होती. आत स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून, गावंडे साहेब कांदा चिरत उभे होते. तोच स्वेटर. कानावर पेन्सिल. बाजूच्या स्टुलावर बीजींचा डबा, घासून लखलखीत केलेला.

"काय वं सांगली," ते म्हणाले, जसे काल संध्याकाळीच भेटलो होतो.

"कधी आलात, साहेब?"

उत्तर बीजींनी दिलं. परातीशी बसून त्या पिठाकडे बघत होत्या. "परसों. इसको गए साढ़े पाँच महीने हुए. छे नहीं हुए अजे, नाम नहीं कट सकदा. इसने ही सिखाया मैनूं." आणि मग जरा मिरवत, "ऊपर वाला चूल्हा मैंने बेच देना है. खामख्वाह जगह घेरता."

साहेब कांद्याकडे बघत होते. मी टॅब उघडला. कुटुंबप्रमुख, बीजी. मग तो प्रश्न आला, या घरात नेहमी राहणाऱ्या व्यक्ती किती. माझं बोट तिथे थांबलं. एक खोटी नोंद आधीच माझ्या खात्यावर होती, दुसरी करायची नव्हती. खरं काय ते मला माहीत नव्हतं, आणि ते सांगू शकणारा एकच माणूस समोर होता.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्हाला कुठे लिहू?"

एका पायावरचा भार दुसऱ्यावर. सुरी थांबली, पुन्हा चालली. अठरा वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारून त्यांनी भंडावलं होतं, भात उतू जाईपर्यंत दारात उभे राहिले होते. आता कांदा अधिकच बारीक होत होता. मला वाटलं, हे आता सुरी ठेवून बाहेर निघून जाणार.

बीजींनी परातीतून मान वर न करता विचारलं, "गावंडे, रोटियां किन्नियां?"

"दोन," ते म्हणाले. लगेच, मराठीतच.

बीजींनी त्या हिशोबानं पीठ ओढून घेतलं. साहेबांनी चिरलेला कांदा ताटलीत काढला, हात स्वेटरला पुसले आणि सात वर्षांत पहिल्यांदा, दाराशेजारच्या पाटावर, भिंतीला पाठ लावून खाली बसले. डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं असेल. मी टॅबवरचं बोट पुढे नेलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता बोलले.

"पुष्पा लय चांगली हाय, सांगली. रोज चार भाज्या करते. पण तिकडे मले कोणी विचारत नाही वं, किती खाता म्हणून. वाढतच जातात."